हंड्यांत किती उरलें?

इंग्लंडांत घरीं बीअर करण्याची चाल जुनी. १८८० च्या कायद्यानें तिला परवान्याचें बंधन लागलें, तें १९६३ सालीं उठलें. अमेरिकेंत अशी मोकळीक १९७८ च्या कायद्यानें मिळाली. (महाराष्ट्रांत परवान्यावांचून मद्य तयार करणें हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें गुन्हा आहे; येथील वाचकांनीं यांतलें पदार्थविज्ञान तेवढें घ्यावें.)

कृति थोडक्यांत अशी. मोड आणून वाळविलेल्या जवांचा भरडा कढत पाण्यांत भिजवितात, त्याचा गोड रस निथळून हॉप्सच्या कडवट फुलांसह तासभर उकळतात, आणि निववून त्यांत यीस्ट सोडतात. मेख आहे ती उकळण्यांत. पाणी वाफ होऊन जातें, साखर मागें राहते. २७ लिटर रसाचें विशिष्ट गुरुत्व १.०४० असेल, तर २३ लिटर उरल्यावर तें १.०४७ होतें, २५ लिटरवरच चूल विझविली तर १.०४३ वर थांबतें. पेय कडक होणार कीं पातळ, तें येथें ठरतें. पण हंड्यावर फेस आणि वाफ दाटलेली. डोकावून पाहणाऱ्याला दिसणार काय?

म्हणून हंड्याच्या बाहेरून एक उभी काचनळी बसवितात. तळाजवळ भोंक पाडून त्यांत तोटी घालतात व तिच्या फांट्यावर नळी उभी करतात. जोडलेल्या दोन भांड्यांत पाणी समपातळी धरतें, एवढेंच तत्त्व. वाफेच्या आगगाडीच्या एंजिनावरहि अशीच नळी असे; मात्र बॉयलर बंद आणि आंत दाब, म्हणून तिचें वरचें टोक वाफेच्या जागेस जोडावें लागे. उघड्या हंड्याच्या नळीचें तोंड उघडेंच ठेवावयाचें. तें बुचानें बंद केल्यास नळींत हवा अडकून पातळी खोटी दिसते.

बसवितांना भोंकाची कडा कानशीनें साफ करावी, नाहींतर रबरी वॉशर कापला जाऊन गळती लागते. काच उष्णता सोसणारी बोरोसिलिकेटची हवी, आणि तिच्याभोंवतीं खांच ठेवलेलें धातूचें कवच असावें. मग हंडा सपाट जागीं ठेवून लिटर लिटर थंड पाणी ओतीत खुणा कराव्या. भोंकाखालचें पाणी नळींत दिसत नाहीं. तेंहि मोजून हिशेबांत धरावें.

उकळत्या रसाचा हिशेब इतका सरळ नाहीं. पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापलें म्हणजे आकारानें सुमारें शेंकडा ४ फुगतें. हंड्यांतला रस उकळता, म्हणून हलका. नळींतला बाहेरच्या हवेनें निवलेला, म्हणून जड. येथें तोल साधतो तो वजनाचा, उंचीचा नव्हे. भोंकावर ३० सेंटिमीटर उकळता रस असला, तर पार निवलेल्या नळींत तो २९ हूनहि थोडा खालीं दिसतो. नवशिके याला उपकरणाचा दोष मानतात. वस्तुतः हा दोष सोयीचाच! खुणा थंड पाण्याच्या असल्यामुळें, सरळ कांठाच्या हंड्यांत, निवल्यावर जेवढा रस हातीं येणार जवळजवळ तेवढाच आकडा नळी सांगते. फेसहि तिला फसवीत नाहीं. नळी कोमट असेल तर आकडा थोडा चढतो. ज्योत तोटीला लागत असल्यास मात्र नळींत बुडबुडे उठून रस वर उसळतो. तेव्हां तोटी ज्योतीपासून दूर ठेवावी, आणि आकडा वाचतांना क्षणभर जाळ कमी करावा.

खरा धोका निराळाच आहे. नळींतला रस उकळीपासून वंचित राहतो. त्यांत जंतु जगले आणि तोच रस पुढें आंबविण्याच्या पिंपांत उतरला, तर सगळा घाणा नासतो. म्हणून जाणते लोक चूल विझविण्याच्या पंधरा मिनिटें आधीं तोटींतून लोटाभर कढत रस काढून पुन्हां हंड्यांत ओततात. नळी त्यानें धुऊन निघते. काम आटोपल्यावर नळी उतरवून लांब दांड्याच्या कुंचल्यानें घासतात. आंबविण्याच्या पिंपाला तर नळी बसवूंच नये. तेथें रस आठवडा-दोन आठवडे निवांत असतो, आणि पातळी पाहण्यास पिंपाच्या अंगावरची एक रंगाची रेघ पुरते.