मोटार तिरकी का धावते?

सरळ रस्त्यावर धावणारी एखादी जुनी मोटार मागून पाहा. कधी कधी तिचा मागचा भाग एका बाजूला सरकल्यासारखा दिसतो. चालकालाही स्टिअरिंग थोडे वळवून धरावे लागते. मालक पुढच्या चाकांची जुळणी करून घेतो, पण दोष तसाच राहतो. असे का व्हावे?

मुंबईत २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी उदाहरणादाखल घेऊ. तिची मागची दोन्ही चाके एकाच ताठ आसावर असतात. हा आस दोन कमानपाट्यांना यू-बोल्टांनी आवळलेला असतो. पाट्याच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टमुळे तो पुढेमागे सरकत नाही. पुढच्या चाकांप्रमाणे येथे कोन जुळवण्याची सोय नसते. म्हणून मागची चाके तिरकी झाली, तर काहीतरी तुटले, वाकले, झिजले किंवा सैल झाले आहे, असे समजावे.

थोडे गणित करू. मागच्या दोन चाकांत सुमारे १२० सेंटिमीटर अंतर असते. एका बाजूचे चाक १.२ सेंटिमीटर मागे सरकले, तर आस १/१०० रेडियन, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा अधिक तिरपा होतो. मागच्या व पुढच्या चाकांत सुमारे २३४ सेंटिमीटर अंतर आहे. त्यामुळे मागच्या चाकांची वाट सुमारे २.३ सेंटिमीटर बाजूला पडते. चालकाने पुढची चाके तेवढीच वळवली, की चारही चाके समांतर होतात आणि मोटार सरळ, पण अंग तिरके ठेवून धावते. टायर फारसे झिजत नाहीत. म्हणून हा दोष लपून राहतो.

तो शोधायचा कसा? मोटार सपाट जागी उभी करा. टायरांतील हवा समान हवी आणि पुढची चाके सरळ हवीत.

१. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. फरक आढळला, तर पाट्याच्या पुढच्या खिळीपासून आसापर्यंतचे अंतरही दोन्हीकडे मोजून घ्यावे. ते समान असेल, तर दोष बहुधा पुढे आहे. नसेल, तर सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल झाला असावा.

२. जमिनीपासून मागच्या मडगार्डांची उंची मोजा. एक बाजू खाली बसली असेल, तर पाटा तुटल्याची किंवा थकल्याची शंका घ्या.

३. मागचा कोपरा दाबून सोडा. तो दोन-तीनदा वरखाली झाला, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाला आहे.

मोटारीखाली मात्र स्वतः शिरू नका. ते काम मिस्त्रीचे. सैल यू-बोल्ट लगेच आवळून घ्यायला हवेत, कारण ब्रेक लावताच आस आणखी सरकू शकतो. वळायचे कुठे हे पुढची चाके ठरवतात. पण सरळ जाताना मोटार मागच्या चाकांच्याच रोखाने जाते.