घर पाहावं फिरवून!

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ ही म्हण रचणाऱ्याने अमेरिकेतलं मोटरहोम पाहिलं नव्हतं. नाहीतर म्हणीत तिसरं कलम नक्की आलं असतं. चाळीस फुटांची बस, पुढे सोफा, मध्ये स्वयंपाकघर, मागे डबलबेड आणि त्याच्याही मागे डिझेलचं धूड. निवृत्त जोडपी हौसेने घेतात, चार-सहा वर्षं देश पालथा घालतात आणि गुडघे कुरकुरू लागले की विकून मोकळी होतात. त्यामुळे तिथला जुना बाजार कायम भरलेला. घोळ एवढाच, की प्रत्येक कंपनीच्या पाच-सहा पायऱ्या असतात आणि फोटोत सगळ्याच राजवाडे दिसतात. वरची पायरी कोणती आणि खालची कोणती, हे ओळखायला थोडी गंमत आणि थोडं तंत्र माहीत हवं.

‘पाटील’ म्हणून हाक मारली तर किती जण वळतील?

अलाबामातल्या रेड बे या छोट्याशा गावात १९७२पासून टिफिन कंपनीची मोटरहोम बनतात. (नाव टिफिन असलं तरी डब्याशी संबंध नाही. संस्थापकाचं आडनाव ते.) तिचं गाजलेलं नाव ‘अलेग्रो’. पण ‘अलेग्रो ओपन रोड’ ही पुढे पेट्रोल इंजिन असलेली खालची पायरी. ‘अलेग्रो रेड’ डिझेलची, त्याहून वरची. मग ‘फेटन’, जिच्या नावात अलेग्रो नाहीच. आणि तिच्याही वर पुन्हा ‘अलेग्रो बस’! म्हणजे नुसतं ‘अलेग्रो विकणे आहे’ वाचून निघणं हे कोल्हापुरात जाऊन ‘पाटलांचं घर कुठे?’ विचारण्यासारखं. पूर्ण नाव घ्या, मगच गाठ पडेल.

दरबारातली उतरंड

ओरेगनच्या मोनॅको कंपनीने नावांचा अख्खा दरबार भरवला होता. खाली ‘नाइट’ म्हणजे सरदार, मग ‘डिप्लोमॅट’ म्हणजे मुत्सद्दी, वर ‘कॅमलॉट’ ही राजा आर्थरची राजधानी, त्याहून वर ‘डायनॅस्टी’ म्हणजे थेट राजघराणं. याच कंपनीने १९९६मध्ये हॉलिडे रॅम्बलर विकत घेतली आणि पुढे जुळी भावंडं जन्माला घातली. मोनॅकोची डिप्लोमॅट आणि हॉलिडे रॅम्बलरची एंडेव्हर ही एक जोडी, कॅमलॉट आणि सेप्टर ही दुसरी. रंग वेगळा, पाटी वेगळी, खालची हाडं बहुतेक तीच. दोन्ही नावांनी शोधलं की पसंतीला गाड्या वाढतात. हॉलिडे रॅम्बलरमध्ये एक ‘अँबेसेडर’ही होती. आपल्या अँबेसेडरपेक्षा दुपटीहून लांब आणि आत चक्क संडास-बाथरूम.

बग्गीच्या गावचा राजा

इंडियानातल्या नॅपनी गावात रस्त्यावर आजही अमिश लोकांच्या घोडागाड्या दिसतात. स्वतः मोटार न बाळगणारे हे लोक त्या भागातल्या मोटरहोमच्या कारखान्यांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले. नॅपनीच्या न्यूमार कंपनीच्या डिझेलच्या शिडीवर खालच्या बाजूला व्हेंटाना. पुढे डच स्टार, मग माउंटन एअर, लंडन एअर, एसेक्स आणि शेंड्यावर किंग एअर. पण सावधान! नाव तेच राहतं, पायरी मात्र वर्षागणिक सरकते. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला ‘माउंटन एअर’ पेट्रोलवरही मिळायची आणि डिझेलवरही. त्यामुळे नाव आणि सालाची जोडी जमल्याशिवाय पुढची बोलणी नकोत.

खरी पायरी शेपटाकडे

या डिझेल गाड्यांचं इंजिन मागे असतं. ते गाडीला ढकलतं म्हणून यांना ‘पुशर’ म्हणतात. आतलं लाकूड, संगमरवरी थाट, झुंबरं सगळं विसरा आणि तीन प्रश्न विचारा: इंजिन किती लिटरचं, गिअरबॉक्स कुठला, मागे आस किती? साधारण हिशेब असा. खालच्या पायरीवर कमिन्सचं ६.७ लिटरचं इंजिन, ३४० ते ३६० अश्वशक्तीच्या घरातलं. मधल्या-वरच्या पायरीवर ८.९ लिटरचं, ४५० अश्वशक्तीपर्यंत जाणारं. शिखरावर १५ लिटरचं, ६००च्या आसपास. गिअरबॉक्स अ‍ॅलिसनचा: मधल्यांना ३०००, थोरल्यांना ४०००. वजनदार गाडीला मागच्या मुख्य चाकांमागे आणखी एक आधाराचा आस असतो, तो ‘टॅग अ‍ॅक्सल’. कोलोरॅडोचा घाट चढताना झुंबर उपयोगी पडत नाही!

खोल्या सरकतात, भार वाढतो

गाडी थांबली, बटण दाबलं की भिंत बाहेर सरकते आणि दिवाणखाना ऐसपैस होतो. ही सरकती खोली, म्हणजे ‘स्लाइड-आउट’, न्यूमारने १९९०मध्ये आणली. मग चढाओढ लागली. एक, दोन, तीन, चार! पण प्रत्येक स्लाइड म्हणजे लोखंड, मोटर आणि पाणी झिरपायला नवी फट. शिवाय तेवढं वजन सामानाच्या वाट्यातून वजा. गाडीत सामान किती भरता येईल, याचा आकडा आत चिकटवलेल्या पत्रकावर असतो. तो वाचून मगच लोणच्याच्या बरण्या मोजा. खालच्या पायरीची गाडी चार स्लाइड लावून मिरवत असेल, तर तिचा हा आकडा आवर्जून पाहावा. बडा घर, पोकळ वासा!

ऊब आणि वीज

थंडीत पायरी पटकन कळते. खालच्या गाडीत प्रोपेनची भट्टी घुर्र करून गरम वारा फेकते. वरच्या गाडीत बहुधा ‘अ‍ॅक्वा-हॉट’सारखी यंत्रणा. डिझेलवर एक द्रव तापतो, त्याचीच ऊब घराला मिळते आणि नळाचं पाणीही त्यावरच तापतं. विजेची जोडणीही बोलकी. ३० अँपिअरच्या जोडणीत ३,६०० वॉट, तर ५० अँपिअरच्या जोडणीत १२,०००. आकडा पन्नास आणि वीज तिपटीहून जास्त कशी? तर तिथे १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र तारा येतात.

स्कूलबस, फटफटी आणि चर्चचं बाकडं

• जॉर्जियातली ब्लू बर्ड कंपनी पिवळ्या स्कूलबससाठी प्रसिद्ध. तिनेच ‘वाँडरलॉज’ हे पोलादी अंगाचं आलिशान मोटरहोम बनवलं. तिचे भक्त आजही ते जुन्या बाजारात शोधत असतात.

• १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं हॉलिडे रॅम्बलरची मालकी हार्ले-डेव्हिडसनकडे होती.

• सगळ्यात वरच्या पायरीवर क्वेबेकची प्रेव्हो. १९२४मध्ये चर्चची बाकडी आणि शाळेचं फर्निचर करणाऱ्या युजीन प्रेव्होला एका ट्रकवर बसचा सांगाडा बांधायला सांगण्यात आलं आणि कंपनीचा जन्म झाला. प्रेव्हो फक्त रिकामं कवच देते. आतलं घर मॅरेथॉन, लिबर्टी असे कारागीर सजवतात. नवी गाडी २० लाख डॉलरच्या पुढे जाते. जुनी घेताना ‘प्रेव्हो कितव्या सालची?’ याच्याइतकंच ‘आतलं काम कुणाचं?’ हे विचारावं.

पोरक्या गाड्या

मंदीच्या तडाख्यात मार्च २००९मध्ये मोनॅको आणि फ्लीटवुड या दोन्ही बड्या कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे नावं विकली गेली, मालक बदलले. त्याआधीच्या गाड्या मजबूत असतात आणि वरची पायरी खालच्या भावात देतात. इंजिन-गिअरबॉक्सची चिंता नाही, कारण कमिन्स आणि अ‍ॅलिसनची दुकानं गावोगावी आहेत. घाम फुटतो तो समोरची भलीमोठी काच किंवा कोपऱ्यातलं फायबरचं वळण तुटल्यावर.

टायरची जन्मपत्रिका

टायरच्या नक्षीवर भाळू नका. गुडघे टेका, बॅटरी घ्या आणि कडेवरचे शेवटचे चार अंक शोधा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. अंक बाहेर दिसत नसतील तर आतल्या बाजूला असतात, म्हणजे गाडीखाली सरपटणं आलं. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी कोरी, पण रबराला भेगा! तीच गत जनरेटरची. ‘फारसा वापरलाच नाही’ ही जाहिरातीतली फुशारकी खरं तर धोक्याची घंटा. महिन्यातून दोन तास, निम्म्या भारावर तो चालवायचा असतो. तालीम चुकली की जनरेटरही आखडतो.

परवाना आहे ना?

टेक्सासमध्ये २६,००० पौंडांच्या वरच्या गाडीला आणि कॅलिफोर्नियात ४० फुटांहून लांब मोटरहोमला वेगळ्या वर्गाचा परवाना लागतो. पायरी चढताना परीक्षाही द्यावी लागते. दिलासा इतकाच, की झोपण्याची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असेल तर अमेरिकेचं करखातं मोटरहोमला घर मानतं. कर्जाच्या व्याजावर सवलत मिळण्याची वाट तिथूनच सुरू होते.

मग घ्यायची कोणती?

एकाच किमतीत दोन गाड्या दारात येतात: खालच्या पायरीची नवीसर आणि वरच्या पायरीची जुनी. वर्षातून तीन आठवडे फिरायचं असेल तर पहिली. सहा-सहा महिने आतच राहायचं असेल तर दुसरी. मात्र एक गाठ मारून ठेवा. गाडीची किंमत उतरते, तिचं बिल उतरत नाही. जुनी डायनॅस्टी निम्म्याहून कमी भावात मिळेल, पण तिचे सगळे टायर, तेल आणि एअर-ब्रेकचं काम राजघराण्याच्याच दराने होणार. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून ऊस कमी खात नाही.

आणि पाहायला जाताना विकणाऱ्याला आधी बजावा, ‘गाडी चालू करून ठेवू नका.’ थंड इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं, किती धूर सोडतं, ते आपल्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे. मग झोपायच्या खोलीत जा. पुष्कळ पुशरमध्ये इंजिनाचं झाकण पलंगाखालीच असतं. उशा आणि मखमली रजई बाजूला करा, गादी उचला आणि खाली वाका. गाडीची पायरी तिथे लिहिलेली असते.