साइट बंद आहे, हे कोणाला सांगायचं?

देखभालीसाठी साइट थोडा वेळ बंद ठेवायची म्हटलं की सगळी चर्चा त्या पानाच्या रंगरूपावर होते: लोगो कुठे, चित्र कोणतं, दिलगिरी किती शब्दांत. पण पानाच्या आधी सर्व्हर एक तीन आकडी कोड पाठवतो आणि माझ्या मते खरं काम तिथेच असतं. २०० म्हणजे सगळं ठीक, ५०३ म्हणजे सेवा तूर्त बंद. घाईत टांगलेल्या पानामागे बऱ्याचदा २०० असतो, म्हणजे सर्व्हर सरळ खोटं बोलतो. तेवढ्यात गूगलचा बॉट आला तर प्रत्येक पत्त्यावर त्याला तीच दिलगिरी मिळते आणि तोच नवा मजकूर समजून तो नोंदवू शकतो. ३०२ देऊन वेगळ्या पानावर पाठवणंही वाईटच. साइट सुरू झाल्यावरही बिचारा माणूस ते बंदचं पानच रिफ्रेश करत बसतो.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये हे नीट करायचं तर ठरल्या जागी एक फाइल दिसली की ५०३ द्यायचा, अशी अट लिहून ठेवतात. फाइल ठेवली की साइट बंद, काढली की सुरू. कॉन्फिगला हात लावावा लागत नाही. खाचाखोचा मात्र आहेत. ५०३ साठी थेट पानाचाच पत्ता दिला तर त्या पानालाही तीच अट लागते आणि आपल्या पानाऐवजी एनजिनएक्सचं कोरडं ५०३ दिसतं. म्हणून त्याला नाव दिलेलं वेगळं लोकेशन लागतं. सीएसएस आणि लोगो त्याच साइटवरून येत असतील तर तेही अडतात, तेव्हा सगळी सजावट पानातच भरावी. ‘पुन्हा केव्हा या’ हे सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर ‘ऑलवेज’ न लिहिल्यास ५०३ सोबत जातच नाही, आणि त्याबद्दल कुठे चूकही दाखवली जात नाही. कर्ल या कमांडने सर्व्हरचं उत्तर तपासलं तरच कळतं.

रात्री दोन वाजता दहा मिनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. पण बॉट रात्रीही फिरतात आणि डेटाबेसची दहा मिनिटं लांबतात. ५०३ मुळे मॉनिटरिंगचे अलार्म वाजतात, ही तक्रार रास्त आहे. पण अलार्म ठरावीक वेळेपुरते बंद ठेवता येतात. २०० देऊन त्यांना फसवलं तर सकाळपर्यंत साइट बंदच राहिली तरी कोणाला पत्ता लागत नाही. साइट बंद न ठेवताच नवा कोड चढवता येतो, हा आक्षेप मात्र मला बराचसा मान्य आहे. तरी जुना आणि नवा कोड डेटाबेसच्या एकाच टेबलवर चालत नसतील तर त्यात लिहिणं थांबवावंच लागतं.

अर्थात ५०३ दिला म्हणून निवांत बसता येत नाही. तो दिवसेंदिवस राहिला तर गूगल पानं यादीतून काढू लागतो. म्हणून बंदला मुदत हवी. वर्डप्रेस अपडेटच्या वेळी ५०३ सोबत ६०० सेकंदांनी यायला सांगतो, आणि अपडेट मध्येच अडकून त्याची ‘.मेंटेनन्स’ फाइल मागे राहिली तरी दहा मिनिटांनंतर तिच्याकडे दुर्लक्ष करतो.