कर्ता हरवला, तर यंत्राला सापडेल काय?

'मुलाने काच फोडली' आणि 'काच फुटली' हा भेद मराठी क्रियापदाच्या रूपातच दाखविते. इंग्रजीत मात्र 'ब्रेक' हे एकच रूप दोन्हीकडे चालते. अशा रचनापालटांच्या आधारे बेथ लेव्हिन यांनी १९९३ मध्ये ३,००० हून अधिक इंग्रजी क्रियापदांचे वर्गीकरण केले.

हे पालट यंत्राने ओळखावेत, यामागील तर्क सरळ आहे. विपुल लेखनसंग्रहात एखाद्या क्रियापदाची कर्मे आणि त्याच्याच अकर्मक वापरातील कर्ते सारखेच आढळले, तर ते क्रियापद पालट स्वीकारते. फुटते ती काच, फोडली जाते तीही काच. पण खातो तो मुलगा, खाल्ली जाते ती भाकरी. २००१ मध्ये मेर्लो व स्टीव्हन्सन यांनी ५९ क्रियापदे अशा खुणांवरून तीन वर्गांत विभागली. यंत्र सुमारे ७० टक्के अचूक ठरले. निव्वळ अंदाज ३४ टक्केच ठरला असता.

मराठीची अडचण निराळी आहे. 'कुलूप मोडले' या वाक्यात कुलूप आपोआप मोडले, की कर्ता अध्याहृत आहे? क्रियापद दोन्ही वेळी कुलपाशीच जुळते. जबानीचे भाषांतर करणाऱ्या यंत्राची येथे चूक झाली, तर आरोपच बदलेल.

म्हणून उसनी पद्धत पुरेशी नाही. जाणकारांनी वाक्यागणिक तपासलेला, सर्वांस खुला मराठी संग्रह हवा. एकाने वापरल्याने तो दुसऱ्यास कमी पडत नाही. अशा सार्वजनिक वस्तू बाजार पुरेशा निर्माण करीत नाही; तो भार शासनाने व विद्यापीठांनीच उचलला पाहिजे.