मृगाचा चौथा पाय

जानेवारीत रात्री नऊच्या सुमाराला गच्चीवर जा आणि मृग शोधा. एका ओळीतले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण, भोवतीचे चार म्हणजे हरणाचे पाय. ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. आता ते पाय नीट न्याहाळा. तीन निळसर पांढरे आहेत, चौथा तांबूस. तो काक्षी. आयुष्याच्या अखेरीला आलेला तारा असा नुसत्या डोळ्यांनी, घरच्या गच्चीवरून दिसतो, याचं मला दर वर्षी नव्याने नवल वाटतं.

काक्षी सूर्याच्या जागी आणून ठेवला, तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळही त्याच्या पोटात जातील. वजन सूर्याच्या साधारण पंधरा ते वीस पट. एवढं इंधन गाठीशी असलेला तारा जास्त जगायला हवा ना? होतं उलटंच. वजन जास्त म्हणून आतला दाब आणि तापमान जास्त, आणि इंधनही भराभरा संपतं. सूर्याला ४६० कोटी वर्षं झाली, अजून जवळपास तेवढीच बाकी आहेत. काक्षीचं वय जेमतेम एक कोटी वर्षं! डायनोसॉर संपले तेव्हा तो जन्मलाही नव्हता आणि आज म्हातारा झाला आहे.

ताऱ्यात जन्मभर एक झुंज चालते. गुरुत्वाकर्षण सगळं आत ओढतं, गाभ्यातली उष्णता बाहेर रेटते. हायड्रोजन संपला की हेलियम, मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन. हायड्रोजन लाखो वर्षं पुरतो. सिलिकॉन संपायला साधारण एक दिवस लागतो. शेवटी उरतं लोखंड, आणि त्यातून ऊर्जा मिळत नाही. रेटणारं कुणी उरलं नाही की पृथ्वीएवढा गाभा एका सेकंदाच्या आत कोसळून शहराएवढा होतो आणि बाकीचा तारा स्फोटात उधळतो. आपल्या श्वासातला बहुतेक ऑक्सिजन अशाच थोराड ताऱ्यांच्या पोटात शिजला आहे.

असा एक स्फोट चिनी निरीक्षकांनी ४ जुलै १०५४ रोजी वृषभ राशीत नोंदवला. तेवीस दिवस तो तारा भरदिवसा दिसत होता. आज तिथे विखुरलेला वायू आहे आणि मधोमध सेकंदाला तीस गिरक्या घेणारा तो कोसळलेला गाभा, म्हणजे न्यूट्रॉन तारा. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण अशाच ताऱ्यांची रेडिओ स्पंदनं टिपते.

सूर्याचा शेवट मात्र शांत आहे. तो फुगेल, वरची आवरणं सोडून देईल आणि पृथ्वीएवढा श्वेत बटू होऊन निवत जाईल. श्वेत बटूला सूर्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जास्त वजन पेलत नाही. ही मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना १९३० साली मुंबईहून इंग्लंडला जाताना बोटीवर सुचली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी.

२०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावू लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये तर तो शेजारच्या पायाएवढाच फिका झाला होता. मी रोज रात्री दोघांची तुलना करायचो. त्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीने तो झाकोळला होता, हे मागाहून कळलं. पण येत्या लाखभर वर्षांत तो फुटणारच आहे. पृथ्वीला धोका नाही. काही आठवडे तो दिवसाही दिसेल, मग विझेल आणि मृगाला तीनच पाय उरतील. या थंडीत घरातल्या मुलांना चौथा पाय दाखवून ठेवा.