ब्रेक पॅड, मोटारगाडीचे

ब्रेक पॅड, मोटारगाडीचे : चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या चकतीवर (डिस्कवर) दोन्ही बाजूंनी दाबले जाऊन गाडीचा वेग कमी करणारे घर्षणद्रव्याचे ठोकळे. पोलादी पाठपट्टीवर घर्षणद्रव्याचा थर पक्का बसवून ते तयार करतात. पेडल दाबले म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील दट्ट्या सरकतो व पॅड चकतीला भिडतात. गाडीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे हे या जोडीचे खरे कार्य होय. म्हणून पॅडची निवड ही मुख्यतः तापमानाच्या पल्ल्याची निवड असते. रस्त्यावर व शर्यतीच्या ट्रॅकवर वेगवेगळे पॅड लागतात, याचे मूळ येथेच आहे.

चकती ब्रेकचे एकस्व ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये मिळविले. पण त्यातील तांब्याच्या अस्तराचा कर्कश आवाज होई. १९५३ च्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत डनलॉप चकती ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप गाडी जिंकली आणि या ब्रेकची उपयुक्तता सर्वमान्य झाली. घर्षणद्रव्यात पूर्वी ॲस्बेस्टसचे तंतू असत. त्याच्या धुळीने कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली.

रस्ता व ट्रॅक यांतील फरक आकड्यांत पाहणे उद्बोधक आहे. १,२०० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी ताशी ६० किमी. वेगावरून थांबविताना सु. १६७ किलोजूल ऊर्जा उष्णतेत जाते. तीच गाडी ताशी २०० किमी.वरून ८० किमी.वर आणताना सु. १,५५० किलोजूल ऊर्जा जाते. यातील ७० टक्के उष्णता पुढच्या, प्रत्येकी ६ किग्रॅ.च्या, दोन चकत्यांनी घेतली असे मानल्यास पहिल्या वेळी त्यांचे तापमान सु. २०° से.ने, तर दुसऱ्या वेळी सु. १८०° से.ने वाढते. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर (२०११) सु. १ किमी. लांबीचा सरळ पट्टा संपताच वेगवान गाडीला असाच जोरदार ब्रेक लावावा लागतो. चकती पुरती निवण्यापूर्वीच पुढची वळणे येतात आणि दर फेरीत हेच घडते.

रस्त्यावरचे बहुतेक पॅड सेंद्रिय किंवा अर्धधातवीय असतात. पहिल्या प्रकारात रेझिनने बांधलेले तंतू, ग्रॅफाइट व खनिज चूर्णे असतात. तो मऊ, कमी आवाजाचा व चकतीस सौम्य असतो. दुसऱ्यात पोलादी तंतू व लोहचूर्ण भरपूर असल्याने तो अधिक उष्णता सोसतो, पण चकती लवकर झिजवितो. यांचा घर्षणांक सामान्यतः ०·३५ ते ०·४५ असतो [⟶ घर्षण] आणि पहाटेच्या गारठ्यातील पहिल्या दाबालाही तो मिळतो, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण. मात्र तापमान फार वाढले की रेझिनचे विघटन होऊन निघालेले वायू पॅड व चकती यांच्यामध्ये सापडतात आणि घर्षण एकदम घटते. ट्रॅकवरील पॅड याउलट कित्येक शतक अंशांपर्यंत टिकाव धरतात; परंतु त्यांतील पुष्कळसे थंड असताना नीट पकड घेत नाहीत, कर्कश वाजतात आणि चकती खरवडतात. फॉर्म्युला वन गाड्यांच्या कार्बन ब्रेकमध्ये हा दोष पराकोटीला पोहोचतो.

‘शर्यतीचा पॅड तो अधिक चांगला’ हा समज त्यामुळे घातक आहे. रस्त्यावर धोका बहुधा थंड ब्रेकनिशी समोर येतो. मूल आडवे धावले तर पॅड तापविण्याची सवड मिळत नाही. रस्त्यासाठी उत्पादकाने नेमलेल्या दर्जाचा पॅडच योग्य. वर्षातून एखाद-दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर जाणाऱ्याने मध्यम पल्ल्याचा, थंडीतही पकड घेणारा पॅड घ्यावा. नेहमी जाणाऱ्याने दोन संच ठेवून ते बदलावेत, हे कंटाळवाणे असले तरी बरे. काही पॅडवर घर्षणाचा दर्जा दोन अक्षरांनी छापलेला असतो : पहिले सामान्य व दुसरे तप्त स्थितीतील. ‘ई’ म्हणजे ०·२५ ते ०·३५, ‘एफ’ म्हणजे ०·३५ ते ०·४५ व ‘जी’ म्हणजे ०·४५ ते ०·५५. ही चाचणी लहानशा तुकड्यावर व मर्यादित तापमानात होत असल्याने ट्रॅकवरील वर्तन तीवरून कळत नाही.

पुढचे व मागचे पॅड एकमेकांशी जुळणारे असावेत. केवळ मागे अधिक पकडीचे पॅड बसविल्यास मागची चाके आधी अडकून गाडी गिरकी घेऊ शकते. नवे पॅड मध्यम जोराने अनेकदा दाबून व मधून मधून निवू देऊन चकतीशी बसवून घ्यावे लागतात. तोवर पूर्ण पकडीची अपेक्षा करू नये.

पॅड उत्तम असूनही ब्रेक निकामी होऊ शकतात. पेडल टणक लागते पण गाडी थांबत नाही, तेव्हा दोष बहुधा तापलेल्या पॅडचा असतो. पेडल मऊ होऊन तळाशी जाते, तेव्हा ब्रेक ऑइल उकळले असण्याचा संभव असतो. हे द्रव हवेतील बाष्प शोषते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या द्रवाचा उकळबिंदू किमान २३०° से. असावा लागतो; ओलावा शिरलेल्या द्रवासाठी ही मर्यादा १५५° से. आहे. पॅडवर खर्च करून जुने द्रव तसेच ठेवणारे पुष्कळ आढळतात.

ट्रॅकवर कधीच न जाणाऱ्यालाही हा अनुभव घाटात येतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपुरास उतरताना गाडी १,२०० मी.हून अधिक खाली येते. वरील गाडीच्या बाबतीत ही सु. १४,००० किलोजूल ऊर्जा होते, म्हणजे ताशी १०० किमी. वेगावरून सु. ३० वेळा पूर्ण थांबण्याइतकी. येथे उपाय महागडा पॅड नसून खालचा गियर हा आहे. एंजिनाच्या रोधाने वेग आवरावा व ब्रेक थोडा वेळ पण ठामपणे दाबून सोडावा. पाय सतत पेडलवर ठेवल्यास चकतीला निवण्यास अवसर मिळत नाही. जळका वास येऊ लागल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या चकतीवर पाणी ओतू नये. तिला तडे जातात किंवा ती वाकते.