थंडीतील सायकल आणि तोल

डिसेंबर उजाडला की बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पहाटेची वर्दळ वाढते. कान्हेरी लेण्यांकडे चढत जाणारा रस्ता, दुतर्फा झाडी आणि मुंबईकराच्या वाट्याला क्वचितच येणारा गारवा. साठी ओलांडलेल्या सायकलस्वारांनाही हा मोह आवरत नाही. आणि याच दिवसांत अनेक घरांत एक वाद सुरू होतो. सून म्हणते, “बाबा, इतक्या पहाटे बाहेर नको. हवा वाईट आहे.” मोबाइलवरील निर्देशांक पुढे केला जातो आणि बाबांना नेमका तेव्हाच चष्मा सापडत नाही.

थंडी हे मुंबईत घरात बसण्याचे कारण नव्हे. या शहराचा नोंदलेला नीचांक ७.४ अंश सेल्सिअस, तोही २२ जानेवारी १९६२ रोजीचा. एरवीचा आपला हिवाळा स्वेटर कपाटाबाहेर काढण्याचे निमित्त, इतपतच. अडचण आहे ती हवेची. हिवाळ्यातील रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा पसरतो आणि वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ, जाळलेला कचरा या झाकणाखाली कोंडला जातो. समुद्रावरचे वारेही या दिवसांत उशिरा वाहू लागतात. म्हणून जी पहाट आपण ‘शुद्ध हवेची’ मानत आलो, तीच अनेकदा दिवसातील सर्वांत मलिन वेळ ठरते. घाटकोपर-मुलुंडकडे लाल बहादूर शास्त्री मार्गालगत राहणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. निर्देशांकातील ‘समाधानकारक’ या शब्दावरही फार विसंबू नये. त्या श्रेणीत पीएम २.५ हे सूक्ष्म धूलिकण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली दिवसाची मर्यादा १५ आहे. चढावर सायकल रेटताना श्वास कैक पटींनी वाढतो आणि तोंडाने घेतला जातो, त्यामुळे नाकाची गाळणीही निकामी होते. दमा, फुप्फुसांचा जुना विकार किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष मनावर घ्यावी.

मग सायकल सोडायची का? मुळीच नाही. ऊन चढल्यावर हवा पुष्कळदा निवळते. तेव्हा निर्देशांक पाहून बाहेर पडता येते. इतर दिवशी घरातील स्थिर सायकल आहेच. पुष्कळ घरांत तिच्यावर टॉवेल वाळत असतात, ते तेवढे काढावे लागतील. बैठकीची उंची अशी असावी की पायडल सर्वांत खाली असता गुडघा किंचित वाकलेला राहील. बैठक फार खाली असली की गुडघे दुखू लागतात आणि दोष वयाला दिला जातो. खोलीत उदबत्ती किंवा डासांची अगरबत्ती पेटलेली नसावी. बाहेर वारा घाम वाळवितो, घरात ते काम पंख्याने करायचे. वेग किती? पायडल मारताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बीटा ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही, म्हणून पडद्यावरील आकड्यापेक्षा हीच कसोटी बरी. छातीत दुखले, दडपण आले किंवा गरगरले तर थांबून डॉक्टरांना गाठावे.

एवढे करूनही एक उणीव राहते, आणि ती अमेरिकेतील एका उदाहरणाने चांगली उलगडते. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात हिवाळ्यात बर्फामुळे रानवाटा बंद होतात. डोंगरवाटांवर शर्यती करणारे तेथील सायकलपटू स्थिर सायकलीवर पाय आणि दम शाबूत राखू शकतात. तरीही २००४ मध्ये रे पेट्रो या गृहस्थाने एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत सायकलींसाठी बंदिस्त उद्यान उभारले: लाकडी चढउतार, अरुंद फळ्यांचे पूल, खडकांसारखे अडथळे, नवशिक्यांसाठी सोप्या वाटा. कारण वळणे, ब्रेक लावणे, चिंचोळ्या वाटेवर तोल सांभाळणे हे कौशल्य एका जागी खिळलेल्या सायकलीवर टिकत नाही.

आपल्याकडील ज्येष्ठ सायकलस्वाराचा धोकाही इथेच आहे. तीन महिने घरात पायडल मारून मांड्या भक्कम राहतात, आत्मविश्वास वाढतो. तोल मात्र गंजलेला असतो. मार्चमध्ये तो थेट रस्त्यावर उतरतो आणि सिग्नलला पाय टेकताना पडतो. या वयात एक पडणे म्हणजे कधी कधी खुब्याचे हाड. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढील व्यक्तींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायाम करण्यास सांगते, ते उगाच नव्हे. स्वयंपाकघरातील ओट्याला हात लावून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, मग दुसऱ्या. भिंतीलगत टाच-चवडा जुळवीत चालावे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे. सुरुवातीला कोणीतरी शेजारी उभे असावे. सूनबाईंना नकार देण्यापेक्षा हे काम अधिक आवडेल, असा आमचा अंदाज आहे.

वारे सुटून हवा निवळली की पहिले दोन-तीन दिवस सोसायटीच्या आवारातच, गाड्यांची ये-जा नसताना काढावेत. बैठक थोडी खाली घ्यावी, म्हणजे दोन्ही पाय चटकन जमिनीला टेकतात. आधी सरळ जाऊन थांबणे, मग दोन्ही अंगांना वळणे, मग मागे वळून पाहणे. आणि हे जमले की बैठक पुन्हा वर. कान्हेरीच्या वाटेवर चढापेक्षा परतीचा उतार कसोटी पाहतो, म्हणून ब्रेक आधी मेकॅनिककडून तपासून घ्यावेत.